वजन वाढलं म्हणजे बरं वाटतंय? क्षयाची औषधं आणि थायरॉइडचा विसरलेला इतिहास

आधी दोन आकडे समोर ठेवते.

२००४ साली एक पेपर आला. त्यात एमडीआर टीबीच्या, म्हणजे नेहमीच्या औषधांना न जुमानणाऱ्या क्षयाच्या, ८१८ रुग्णांना झालेले दुष्परिणाम एकत्र मांडले होते. प्रकल्प पाच देशांतले होते: एस्टोनिया, लॅटव्हिया, पेरू, फिलिपिन्स आणि रशिया. थायरॉइड मंदावलेले रुग्ण त्यात निघाले ३.५ टक्के. मग २०१२ मध्ये आफ्रिकेतल्या लेसोथो या छोट्या डोंगराळ देशातून दुसरा पेपर आला. तिथे थायरॉइडसाठी तपासलेल्या १८६ एमडीआर रुग्णांपैकी १२९ जणांचं टीएसएच उपचारांदरम्यान एकदा तरी १० च्या वर गेलेलं होतं. म्हणजे ६९ टक्के.

आजार एकच आणि औषधांची घराणीही तीच. तरी एकीकडे ३.५ आणि दुसरीकडे ६९. पीएचडीच्या तयारीत असलेल्या कुणालाही वाटेल की यातला एक पेपर चुकला असणार. माझं मत तसं नाही. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर असू शकतात, आणि ते कसे हे कळायला सत्तर-ऐंशी वर्षं मागे जावं लागतं. लिटरेचर रिव्ह्यू म्हणजे गेल्या दहा वर्षांचे पेपर डाउनलोड करणं, अशी आपल्याकडे एक समजूत आहे. या विषयात ती समजूत फार महागात पडते.

थायरॉइडबद्दल थोडक्यात सांगते. गळ्याच्या पुढच्या भागात फुलपाखराच्या आकाराची ही ग्रंथी असते. पाठ्यपुस्तकात तिला अवटू ग्रंथी म्हणतात, दवाखान्यात मात्र तो शब्द कुणाच्या तोंडी नसतो. अन्नातून आलेलं आयोडीन ती रक्तातून ओढून घेते, पेरॉक्सिडेज नावाच्या एन्झाइमच्या मदतीने ते एका प्रथिनाला जोडते आणि त्यातून थायरॉक्सिन बनवते. थायरॉक्सिन कमी पडलं की मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी टीएसएच जास्त सोडते. हा थायरॉइडमागे लावलेला तगादाच समजा. तगादा बरेच दिवस चालला की ग्रंथी फुगते आणि गळ्याशी गाठ दिसू लागते. हाच गलगंड. म्हणजे टीएसएच वाढलेलं असेल तर थायरॉइड मंद आहे. हे उलटं नातं डोक्यात पक्कं बसवा, पुढे सारखं लागणार आहे.

आता उंदरांकडे वळू. १९४० च्या आसपास बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात दोन गट दोन भलत्याच प्रश्नांवर काम करत होते. ज्युलिया आणि कॉस्मो मॅकेंझी हे दांपत्य उंदरांच्या आतड्यातले जंतू मारण्यासाठी त्यांना सल्फाग्वानिडीन देत होतं. त्यांना आहाराचा अभ्यास करायचा होता, पण उंदरांच्या थायरॉइड ग्रंथी मोठ्या झाल्या. त्याच विद्यापीठात कर्ट रिक्टर चवीवर काम करत होते. फिनाइलथायोयुरिया हा पदार्थ काही माणसांना कडूजहर लागतो आणि काहींना त्याची चवच कळत नाही. उंदरांना ती कळते का, एवढंच त्यांना बघायचं होतं. थोड्या थोड्या मात्रेत तो खाल्लेल्या उंदरांच्याही थायरॉइड ग्रंथी वाढलेल्या निघाल्या.

बॉस्टनमध्ये एडविन अ‍ॅस्टवुड यांनी हे धागे उचलले. त्यांनी एकामागून एक रसायनं उंदरांना देऊन बघितली आणि थायरॉइड अडवणारे पदार्थ ढोबळमानाने दोन घराण्यांत बसवले. पहिलं घराणं थायोयुरियाचं, म्हणजे ज्यात कार्बनला गंधक जोडलेला असतो आणि शेजारी नायट्रोजन असतो. दुसरं अ‍ॅनिलीनचं, म्हणजे बेंझीनच्या कड्यावर अमिनो गट असलेल्या रेणूंचं. सल्फा औषधं या दुसऱ्या घराण्यात येतात. १९४३ मध्ये अ‍ॅस्टवुड यांनी थायोयुरिया आणि थायोयुरासिल हे पदार्थ थायरॉइड अतिवेगाने चालणाऱ्या माणसांना औषध म्हणून दिल्याचं प्रसिद्ध केलं. आज आपल्याकडे कार्बिमाझोलच्या गोळ्या मिळतात, त्यांचं मूळ इथे आहे.

१९४३ हे साल लक्षात ठेवा, कारण त्याच वर्षी क्षयाच्या औषधांची गोष्टही वळण घेत होती. स्वीडनमधल्या गोथेनबर्गला यर्गन लेमन नावाचे डॉक्टर-संशोधक होते. अमेरिकेत फ्रेडरिक बर्नहाइम यांना दिसलं होतं की सॅलिसिलेट दिलं की क्षयाचे जंतू जास्त ऑक्सिजन वापरतात. लेमन यांनी त्यातून असा तर्क केला की जंतू सॅलिसिलिक अ‍ॅसिड वापरत असेल, तर त्याच्यासारखाच दिसणारा पण थोडा वेगळा रेणू त्याच्या यंत्रणेत अडकवता येईल. फेरोसान या स्वीडिश कंपनीला पत्र लिहून त्यांनी पॅरा-अमिनो-सॅलिसिलिक अ‍ॅसिड बनवून मागितलं. युरोपात महायुद्ध चालू होतं, स्वीडन तटस्थ होता. १९४४ मध्ये पहिल्या रुग्णांना ते दिलं गेलं आणि १९४६ च्या जानेवारीत 'लॅन्सेट'मध्ये लेमन यांचा लेख आला. पुढे हे औषध पीएएस या नावाने जगभर गेलं.

आता त्याची रचना कागदावर काढून बघा. बेंझीनचं कडं, आणि त्यावर अमिनो गट. रसायनशास्त्राची एम.एस्सी. केलेल्यांना एव्हाना दिसलं असेल: हा अ‍ॅस्टवुड यांच्या दुसऱ्या घराण्यातला रेणू आहे. थायरॉइड अडवण्याच्या बाबतीत तो तसा दुबळाच. पण कार्बिमाझोलची मात्रा मिलिग्रॅममध्ये मोजतात, आणि पीएएस रुग्णाला रोज दहा-पंधरा ग्रॅम खावं लागे, तेही महिनोन्‌महिने. ग्रॅमच्या हिशोबात पोटात गेल्यावर दुबळा रेणूही काम करून जातो.

औषध इतकं का द्यायचं, हा प्रश्न रास्त आहे. एकटं स्ट्रेप्टोमायसिन दिलं तर काही महिन्यांत जंतू त्याला दाद देईनासे होतात, हे १९४८ च्या ब्रिटिश चाचणीत दिसलं होतं. सोबत पीएएस दिलं की ही प्रतिकारशक्ती बरीच रोखता येते, हे १९५० मध्ये स्पष्ट झालं. १९५२ मध्ये आयसोनियाझिड आलं आणि तीन औषधांचा उपचार रूढ झाला. माणसं मरत होती ती वाचू लागली. अशा वेळी एखाद्याचा गळा थोडा सुजला तर त्याची चिंता कोण करणार?

पण काहींनी केली. १९५० च्या दशकाच्या पहिल्या काही वर्षांतच पीएएस घेणाऱ्या रुग्णांमध्ये गलगंड आणि मंदावलेला थायरॉइड यांच्या नोंदी येऊ लागल्या. १९५४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये एडवर्ड्‌स, रोलंड्‌स आणि ट्रॉटर यांचा लेख आला, तो थेट कारणाबद्दलच होता: पीएएसमुळे गलगंड होतो तो कसा? युद्धानंतर किरणोत्सारी आयोडीन दवाखान्यांत मिळू लागलं होतं, त्यामुळे ग्रंथीत आयोडीन किती जातं आणि पुढे त्याचं काय होतं हे मोजता येत होतं. उत्तर अ‍ॅस्टवुड यांच्या उंदरांशी जुळणारं निघालं. ग्रंथी आयोडीन आत घेते, पण ते प्रथिनाला जोडण्याची पायरी अडते. म्हणजे माल गोदामात येतो आणि कारखाना बंद असतो.

इथे जरा थांबून विचार करा, १९५४ मध्ये डॉक्टर नेमकं काय बघू शकत होते? रक्तातलं टीएसएच मोजण्याची आजची पद्धत तेव्हा नव्हती. रेडिओइम्युनोअ‍ॅसेने ते मोजता येऊ लागलं ते १९६५ च्या सुमारास. त्याआधी डोळ्यांना दिसणारा गळा, रुग्णाची तक्रार आणि मोजक्याच ठिकाणी होणारी आयोडीनची चाचणी एवढीच साधनं होती. ज्याचा गळा सुजला तो नोंदीत आला. ज्याचं टीएसएच चुपचाप वीस-तीसवर गेलं आणि गळा जेमतेम भरला, तो कुठल्याच नोंदीत येणं शक्य नव्हतं.

भारतातही पीएएसचा मोठा वापर झाला. १९५६ मध्ये मद्रासला सुरू झालेल्या केंद्रात १९३ रुग्णांची घरी उपचार आणि सॅनेटोरियममधले उपचार अशी तुलना झाली, आणि १९५९ मध्ये तिचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. घरी राहून घेतलेले उपचार जवळपास तितकेच परिणामकारक ठरले. या एका निष्कर्षाने जगभरातल्या सॅनेटोरियमांचा पाया खिळखिळा केला. तिथे औषधं होती आयसोनियाझिड आणि पीएएस, वर्षभर. पीएएस इतकं नकोसं, इतकं मळमळ आणणारं की रुग्ण ते खरंच घेतो का हे बघायला लघवीत फेरिक क्लोराइड टाकून रंग तपासत. मद्रासचा प्रश्न होता 'रुग्ण घरी बरा होतो का?', आणि त्या काळात तो योग्यच होता. पण एखाद्या अभ्यासात एखादा दुष्परिणाम ठळक दिसत नसेल, तर तो नव्हता असं लगेच लिहून टाकू नका. आधी त्या अभ्यासाने काय विचारलं होतं ते बघा.

त्याच १९५६ मध्ये फ्रान्समध्ये इथिओनामाइड आलं. आयसोनियाझिडच्याच नात्यातला रेणू, पण ऑक्सिजनच्या जागी गंधक असलेला. कार्बनला जोडलेला गंधक आणि शेजारी नायट्रोजन. हो, हे अ‍ॅस्टवुड यांचं पहिलं घराणं. म्हणजे थायरॉइड अडवणाऱ्या रसायनांच्या दोन्ही शाखांमधून क्षयाचं एकेक औषध निघालं, आणि दोन्ही वेळा ते शोधणाऱ्यांची नजर जंतूवर होती. १९७० मध्ये मोल्डिंग आणि फ्रेझर यांनी इथिओनामाइडमुळे थायरॉइड मंदावलेल्या रुग्णांबद्दल लिहिलं. १९८४ मध्ये टोरंटोहून असाच एक अहवाल आला आणि त्याचे पहिले लेखक होते डॅनियल ड्रकर. जीएलपी-१ संप्रेरकावरच्या कामामुळे, म्हणजे आजच्या वजन कमी करणाऱ्या इंजेक्शनांमागच्या संशोधनामुळे, जगाला माहीत झालेले तेच हे ड्रकर.

मग हे सगळं ज्ञान गेलं कुठे? माझ्या मते ते औषधांबरोबरच निवृत्त झालं. रिफाम्पिसिन आणि इथॅम्ब्युटॉल आल्यावर पीएएसची गरज उरली नाही. सहा महिन्यांचा उपचार रूढ झाला. इथिओनामाइड कपाटाच्या मागच्या खणात गेलं. क्षयाच्या डॉक्टरांची एक अख्खी पिढी अशी तयार झाली जिला यकृतावर लक्ष ठेवायला शिकवलं होतं, कारण आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड यांचा त्रास यकृताला होतो. थायरॉइडकडे बघायचं त्या पिढीला कारणच नव्हतं. (रिफाम्पिसिनचाही थायरॉइडशी संबंध आहे. ते यकृतातली एन्झाइम्स वाढवून थायरॉक्सिन लवकर संपवतं, त्यामुळे आधीपासून थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांची मात्रा वाढवावी लागू शकते. पण ती वेगळी यंत्रणा आहे, तिच्यावर कधीतरी स्वतंत्र लिहीन.)

१९९० च्या दशकात एमडीआर टीबी वाढला आणि मागच्या खणातली औषधं परत बाहेर काढावी लागली. भारतात एमडीआरसाठीचा सरकारी कार्यक्रम २००७ मध्ये सुरू झाला तो गुजरात आणि महाराष्ट्रात. त्यातल्या ठरावीक उपचारात इथिओनामाइड प्रत्येक रुग्णाला होतं, सुमारे दोन वर्षं. पीएएस राखीव होतं, दुसरं एखादं औषध सोसलं नाही तर त्याच्या जागी. जुनी औषधं परत आली, पण त्यांच्या सोबतचं जुनं वाचन तितक्या ठळकपणे परत आलं नाही.

आता पुन्हा सुरुवातीच्या दोन आकड्यांकडे या. ८१८ रुग्णांच्या अभ्यासात दुष्परिणाम मोजला गेला तो उपचार करणाऱ्यांनी ओळखून नोंदवला म्हणून. लेसोथोच्या अभ्यासात टीएसएच तपासलं आणि १० ही रेषा आखून तिच्या वर गेलेले मोजले. पहिला आकडा सांगतो की किती जणांचा थायरॉइड मंदावल्याचं डॉक्टरांच्या लक्षात आलं. दुसरा सांगतो की बघितलं तर किती जणांचा सापडतो. तक्त्यात दोघांचं शीर्षक एकच असतं, 'हायपोथायरॉइडिझम', आणि विद्यार्थी त्या दोन ओळी शेजारी लिहून खाली 'देशानुसार फरक' असं लिहितो. फरक देशाचा असेलही. लेसोथोत एचआयव्हीचं प्रमाण फार मोठं आहे, लोकांना मिळणारं आयोडीन वेगळं असू शकतं, आणि पीएएस व इथिओनामाइड दोन्ही एकत्र घेतली की धोका वाढतो. पण या सगळ्याच्या आधी विचारायचा प्रश्न हा: टीएसएच कुणाचं, कधी आणि कशासाठी तपासलं?

लक्षातच का येत नाही, हाही प्रश्न आहेच. या आजाराची लक्षणं वाचा: थकवा, झोप झोप, उदास वाटणं, थंडी सोसत नाही, बद्धकोष्ठ, चेहऱ्यावर सूज, वजन वाढणं. आता एमडीआर टीबीच्या रुग्णाच्या घरात जाऊन उभे राहा. थकवा? टीबीच आहे, थकणारच. उदास? सायक्लोसेरिन चालू आहे, त्याने मन बिघडतं हे सगळ्यांना माहीत आहे, आणि दोन वर्षं रोज मूठभर गोळ्या खाणारा माणूस आनंदी कसा असेल? वजन वाढलं? अहो, ही तर चांगली बातमी! क्षयात वजन हीच प्रगतीची खूण. प्रत्येक भेटीत काट्यावर उभं करतात, आकडा वाढला की आई म्हणते बाळ सुधारतंय, आणि कार्डावर नोंद होते ती समाधानाची. प्रत्येक लक्षणाला आधीच एक पटणारं कारण तयार आहे. अशा ठिकाणी नवं निदान शिरायला जागाच उरत नाही.

त्याची किंमत मोठी आहे. महिनोन्‌महिने मंद थायरॉइड घेऊन फिरणारा माणूस सुस्त होतो, खचतो, औषधं चुकवू लागतो. त्यावर 'सहकार्य करत नाही' असा शिक्का बसतो. आणि उपाय काय, तर थायरॉक्सिनची रोजची एक स्वस्त गोळी. क्षयाचं औषध त्यासाठी सहसा बंद करावं लागत नाही, आणि उपचार संपले की बहुतेकांचा थायरॉइड पूर्ववत होतो. (तुमच्या घरात कुणी ही औषधं घेत असेल तर हे वाचून स्वतःहून काही बंद करू नका. डॉक्टरांना टीएसएच तपासायला सांगा, एवढंच.)

मुंबईतही हेच दिसलं. 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स'च्या दवाखान्यात एमडीआर टीबी आणि एचआयव्ही दोन्ही असलेल्या रुग्णांचं टीएसएच तपासलं गेलं. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, तपासलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त जणांचा थायरॉइड उपचारांदरम्यान मंदावलेला निघाला. रुग्ण थोडे होते आणि विशिष्ट गटातले होते, त्यामुळे हा आकडा सगळ्या महाराष्ट्राला लावू नका. पण ३.५ टक्क्यांवर विसंबून राहता येणार नाही, एवढं त्यातून नक्की कळतं.

शोध घ्यायचा झाला तर एक व्यवहारातली गोष्ट सांगते. पबमेडवर आजचे शब्द टाकून १९५० च्या दशकातले लेख नीट सापडत नाहीत. तेव्हाचे लेखक 'गॉयटर' लिहीत, 'मिक्सिडीमा' लिहीत, औषधाचं पूर्ण नाव लिहीत. त्या काळच्या बऱ्याच नोंदींना सारांशही नसतो, नुसतं शीर्षक असतं. म्हणून जुन्या शब्दांची एक यादी करून वेगळा शोध घ्या, आणि एक लेख हाती लागला की त्याच्या शेवटची संदर्भसूची हाताने चाळा. कंटाळवाणं काम आहे, पण पीएएसचा सगळा इतिहास मला असाच सापडत गेला.

आता जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ पासून पुढे आणलेल्या बीपाल्म या सहा महिन्यांच्या उपचारात इथिओनामाइडही नाही आणि पीएएसही नाही. दोन्ही औषधं पुन्हा मागच्या खणाकडे निघाली आहेत, आणि बेडाक्विलिनला न जुमानणारे जंतू दिसू लागलेले असताना ती तिथेच राहतील याची खात्री नाही. शिवाय त्याच २०२२ मध्ये मुलांच्या मेंदूच्या क्षयासाठी सहा महिन्यांचा जो पर्यायी उपचार सुचवला गेला, त्यात इथिओनामाइड आहे. वाढत्या वयात थायरॉइडची गरज मोठ्यांपेक्षा जास्त असते, आणि दक्षिण आफ्रिकेतल्या मुलांवरच्या २०११ च्या अभ्यासात इथिओनामाइड घेताना थायरॉइडच्या तपासण्या बिघडलेल्या दिसल्या होत्या. त्यातही एक पेच आहे: गंभीर आजारात थायरॉइडचे आकडे औषधाशिवायही हलतात. तेव्हा या विषयावर काम करायचं मनात असेल आणि एखाद्या क्षय केंद्राच्या जुन्या नोंदी हाती आल्या, तर पहिल्यांदा एकच रकाना शोधा: औषध सुरू होण्याच्या आधीच्या तारखेचं टीएसएच. तो किती जणांचा भरलेला आहे हे मोजा. सिनॉप्सिस लिहायला त्यानंतर बसा.